न पाहिलेली पत्रिका

नकार कळवायची आमच्याकडे एक सभ्य रीत होती. हुंडा परवडणारा नसो की घरात चार नणंदा असोत, पोस्टकार्डावर एकच वाक्य जायचं : पत्रिका जुळत नाही. सगळा दोष ग्रहांच्या माथी, त्यामुळे कोणी दुखावत नसे.

अण्णा, म्हणजे माझे वडील, कोल्हारला प्राथमिक शिक्षक. त्यांच्या लेखी जावई दोनच प्रकारचे : सरकारी आणि बाकीचे. एक तलाठी आणि कोर्टातला एक कारकून त्यांनी माझ्यासाठी हेरून ठेवले होते. मध्येच पारनेरकडचा एक मुलगा बघून गेला. नगरच्या औद्योगिक वसाहतीत त्याने पत्र्याच्या शेडमध्ये एक लेथ मशीन बसवलं होतं, पंपाचे सुटे भाग करायचा. नखांत काळं तेल. पोहे खाताना त्याने ते लपवलं नाही, हे मला फार आवडलं.

"पगार किती?" अण्णांनी विचारलं.

"पगार न्हाई. काम हाय, लई हाय."

अण्णांना पहिलंच वाक्य ऐकू आलं, मला दुसरं. मी मनाशी ठरवूनही टाकलं, करायचं तर हेच स्थळ.

त्या वर्षी मी टायपिंग शिकायला एसटीने नगरला जात होते. वसाहत वाटेतच लागायची. काल जिथे बाभळी होत्या तिथे आज शेड उभ्या राहत होत्या, आणि दारांवर खडूने लिहिलेलं असायचं, 'फिटर पाहिजे'. सरकारी कचेरीच्या दारावर असलं काही लिहिलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. हे अण्णांना सांगायची मात्र छाती नव्हती. त्यांनी नेहमीचं कार्ड टाकलं, तेव्हा मी फक्त भांडी आपटली.

पुढच्या रविवारी तो स्वतःच दारात उभा. हातात ते कार्ड.

"गुरुजी, राग नका मानू. पन आमी पत्रिका दिलीच नव्हती. माजी काढलेलीच न्हाई. मग जुळली न्हाई ती कुनाची?"

खोटं बोलल्याबद्दल पोरांना छड्या मारणारा माणूस, पार लाल झाला. सवयीने लिहून गेले होते बिचारे. शेवटी खरं बोलले, "पेन्शन नाही, हे कारण. उद्या धंदा बसला तर माझी मुलगी खाईल काय?"

"बसला तर दुसऱ्याच्या मशीनवर उभा ऱ्हाईन. काम हातात हाय, शेडमधी न्हाई."

मी स्वयंपाकघराच्या दारातून पुढे झाले. आवाज खणखणीत निघाला.

"मीही मिळवीन, अण्णा. बिलं टाइप करायला त्यांना कोणीतरी लागेलच की."

"अगं बाई!" आतून आई.

तो हसला. अण्णा हसले नाहीत, पण त्याला चहा घेतल्याशिवाय जाऊ दिलं नाही. संध्याकाळी त्यांनी पेटीतून कोरं कार्ड काढलं, बराच वेळ समोर ठेवून बसले, मग भराभर लिहिलं आणि मला ते टपालपेटीत टाकायला पाठवलं. पोस्टकार्ड वाचायला कोणाची परवानगी लागत नाही. रस्त्यातच थांबून वाचलं. अण्णांच्या वळणदार अक्षरात एवढंच होतं : 'पत्रिका पुन्हा नीट पाहिली. जुळते.'