डॉक्टरबाईंचा माठ

डॉ. शालिनीबाई तपासण्याआधी प्रत्येक बाईला माठातलं पाणी देत आणि चष्म्यावरून बघत बसत. जळगावच्या वैशाखात एसटीने तापून आलेली बाई पाणी नको म्हणाली, की त्यांना निम्मं दुखणं कळायचं. मेहरूणच्या त्या दवाखान्यात जामनेरहून आणलेल्या माझ्या आईनेही हात आडवा केला. "मले नको, बाई. ताहान नाही."

"कधीपासून गळतंय?" बाईंनी सरळ विचारलं.

आई माझ्याकडे बघेना. धाकट्या भावाच्या जन्मापासून ती खोकली तरी लुगडं ओलं व्हायचं. म्हणून तिने लग्नकार्यं सोडली, थंडीतल्या मळ्यातल्या भरीत-पार्ट्या सोडल्या, शेवटी पाणीही सोडलं. लघवीला आग होऊ लागली तेव्हा कुठे दवाखान्याला तयार झाली. माझं दुसरं बाळंतपण सासरी, शिंदखेड्याला व्हायचं होतं आणि एवढ्या लांबच्या एसटीच्या भीतीने ती बारशालाही येणार नव्हती. मला त्याचंच जास्त वाईट वाटत होतं.

"सैल पडलाय तो स्नायू आहे, अब्रू नव्हे," बाई म्हणाल्या. हे त्या इतक्या मोठ्याने म्हणत, की बाहेर बाकावरच्या बायकांनाही ऐकू जाई. मला वाटतं, त्यांच्यासाठीच म्हणत.

बाईंकडे टपालाने परदेशी मासिकं यायची. "तिकडे स्नायूच्या पेशी काचेच्या बशीत वाढवतात. उद्या मांडीतला कणभर तुकडा घेऊन, विरजण लावल्यासारखा वाढवून सैल जागी सोडतील."

"मंग माह्यातबी सोडा नं, बाई."

"अजून नाही जमलेलं कोणाला. मलाही नाही. तोवर तुमचा स्नायू तुम्हीच वाढवा. लघवी अडवतो तसं आवळायचं, सोडायचं. भाकरी थापताना करा, कोणाच्या बापाला कळत नाही. आणि पाणी प्यायचं."

खोटी आशा न दाखवता धीर देणारी अशी डॉक्टर मी दुसरी पाहिली नाही.

आईचं गळणं कमी झालं, पुरतं थांबलं नाही. पण बारशाला ती आली. दारातच म्हणाली, "आधी पानी दे वं, मंग नातू दाखव."

पुढे काही वर्षांनी बाई गेल्या. पेशींचा तो इलाज तोवर आमच्याकडे आला नव्हता. आई हट्टाने त्यांच्या घरच्यांना भेटायला गेली. बाईंच्या सुनेने पाणी पुढे केलं. आईने ग्लास दोन्ही हातांनी धरला, शेवटच्या घोटापर्यंत प्यायली आणि मग रडली.