इस्माईलचाचांनी शिकवलेलं सर्किट

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईलाही नाही. एकदा बहिणीपाशी सांगायला बसले होते – आणि ऐन वेळी विषय तिच्या मुलीच्या दाखल्यावर नेला. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल. पण सुरुवात मी माझ्या चुकीपासून करणार नाही. एका माणसापासून करते. त्यांच्याबद्दल बोलायला लागले की मला थांबवत नाही, आणि त्या ओघात जे बोलायचं आहे तिथवर पोचेन. पोचायलाच हवं.

मी शिनोलीची. घरी भातशेती, आणि इंजिनिअर झालेली मी आमच्या भावकीतली पहिली मुलगी. याचं घरात केवढं कौतुक! पण खरं सांगू? माझी पदवी पाठांतरावरची होती. सर्किटच्या आकृत्या मी रांगोळीसारख्या पाठ केल्या होत्या. कुठल्या ठिपक्याला कुठली रेघ जोडायची ते माहीत, वीज तिथून का जाते ते माहीत नाही.

आमच्या भागातल्या एका डिप्लोमा कॉलेजात मुलाखतीला गेले, तेव्हा प्राचार्य म्हणाले, "लॅबमधली निम्मी किट बंद पडलीत. फुकट मिळणारं सॉफ्टवेअर असतं म्हणे – कॉम्प्युटरवरच सर्किट काढायचं, तिथंच चालवून बघायचं. तुम्हाला येतं का?"

मी म्हटलं, "हो सर, येतं."

मी ते कधी उघडूनही पाहिलं नव्हतं. ही काही मोठी गोष्ट नव्हे, असं तेव्हा वाटलं. नोकरीसाठी कोण नाही बोलत असं?

नोकरी लागली. कॉलेजजवळ वारूळवाडीत एक खोली घेतली. कॉलेज सुरू व्हायला आठवडा होता. लॅबमधल्या कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअर उतरवलं आणि पहिलं सर्किट काढलं – एक बॅटरी, एक रेझिस्टर, एक एलईडी. तीनच वस्तू. सातवीतली पोरंही जोडतात. चालवायचं बटण दाबलं की लाल अक्षरात चूक दाखवायचं. पुसून पुन्हा काढलं. पुन्हा लाल. दोन दिवस, राव! दुसऱ्या दिवशी दुपारी मी राजीनामा कसा लिहायचा याचा विचार करत बसले होते.

लॅबमध्ये एक परिचर होते, इस्माईलचाचा. साठीकडं झुकलेले, शिडशिडीत, डोळ्यांवर चष्मा, शर्टाच्या खिशात कायम टेस्टर. जुन्नरात त्यांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. लोकांनी दुरुस्त करणंच सोडलं तेव्हा दुकान बंद करून ते इथं नोकरीला लागले. त्यांचं काम टेबलं पुसायचं, पार्ट मोजून द्यायचं, कपाटं लावायचं. ते माझ्या मागून फडकं मारत चालले होते. थांबले. पडद्याकडं बघत म्हणाले, "मॅडम, याला ग्राउंड कुठं दिलाय?"

"चाचा, बॅटरीवर तर आहे. ग्राउंड कशाला लागतो?"

"आता आपला शिवनेरी किती उंच? जुन्नरातनं मोजला तर एक, समुद्रावरनं मोजला तर दुसरा. या बिचाऱ्या कॉम्प्युटरला कोण सांगणार, कुठनं मोजायचं ते?"

मी खालच्या तारेला ग्राउंडची खूण जोडली. बटण दाबलं. आकडे आले. रेझिस्टरमधून किती करंट चाललाय, एलईडीवर किती व्होल्ट उरलेत – सगळं. चार वर्षं जे सूत्र मी घोकत होते ते माझ्यासमोर जिवंत बसलं होतं. मला रडू आलं, हे खोटं नाही. चाचांनी ते पाहिलं असावं, कारण ते लगेच दुसऱ्या टेबलाकडं वळले.

तिथून आमची शाळा सुरू झाली. हो, शाळाच. दुपारच्या सुट्टीत मी डबा घेऊन लॅबमध्ये बसायची, चाचा त्यांचा डबा घेऊन यायचे. त्यांना इंग्रजी वाचता येत नसे, पण आकृती ते पेपर वाचावा तशी वाचत. मला कॉम्प्युटर हाताळता यायचा, आकृती समजत नसे. दोन अडाणी मिळून एक शहाणा झाला म्हणा. ते आठवणीतून जुन्या रेडिओचं सर्किट सांगायचे, मी ते काढायची. बटण दाबण्याआधी ते हवेत बोट फिरवून लाट कशी येईल ते दाखवायचे – आणि बहुतेक वेळा पडद्यावर तशीच उमटायची. नाही उमटली की त्यांना कोण आनंद! "थांबा थांबा, आता शिकायला मिळंल," म्हणायचे.

एकदा लुकलुकणारं सर्किट काही केल्या लुकलुकेना. चाचा बराच वेळ बघत राहिले. "मॅडम, हा दहा लाख ओहमचा रेझिस्टर म्हणता, पण वागतोय तारेच्या तुकड्यावानी." मी मदतीचं पान उघडलं. त्या सॉफ्टवेअरमध्ये नुसतं एम लिहिलं की दशलक्ष होत नाही, हजारावा भाग होतो! दशलक्षासाठी मेग लिहावं लागतं. ते पान मी वाचलं, पण दोष कुठं आहे ते चाचांनी न वाचता ओळखलं होतं. हे कुठल्या कॉलेजात शिकवतात, सांगा?

पहिल्या वर्षी मुलं माझ्या तासाला वेळेआधी येऊन बसायची. "मॅडम लई सोपं करून सांगतात," असं माझ्या कानावर यायचं. मी सांगत होते ते शब्द कोणाचे होते? मला माहीत होतं. आणि मी मनापासून कृतज्ञ होते – हेही तितकंच खरं. कृतज्ञ असलेलं माणूस असं करतं का? मला अजून कळलेलं नाही. मी केलं, एवढं खरं.

कोमल नावाची माझी विद्यार्थिनी होती, राजुरीची. त्यांचं घर उसाला लागून. बिबट्यानं गोठ्यातली दोन वासरं नेली होती. बिबट्याला बुजवायला तिला गोठ्यावर लावायचा एक लुकलुकणारा दिवा बनवायचा होता – पुष्कळ एलईडींचा, बॅटरीवर चालणारा, अंधार पडला की आपोआप सुरू होणारा. कॉलेजच्या प्रदर्शनासाठी कोमल, तिच्या मैत्रिणी आणि मी तोच प्रकल्प घेतला. सर्किट मी काढलं. चाचांना न विचारता. मला आता येतं, असं मला वाटायला लागलं होतं. सॉफ्टवेअरवर ते इतकं सुरेख चाललं की मी त्याचा फोटो घरी पाठवला.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी राहिलेले पार्ट घ्यायला मी चाचांकडं गेले. त्यांनी यादी पाहिली, पडद्यावरचं सर्किट पाहिलं. म्हणाले, "एवढे दिवे ह्यो बारका ट्रान्झिस्टर ओढणार न्हाई. लई तापंल. मोठा घ्या, आन् गरमी जायला त्याच्या पाठीला पत्रा लावा."

"चाचा, चालवून पाहिलंय. व्यवस्थित चालतंय."

"चालतंय वो. पण कॉम्प्युटरला चटका बसतो व्हय?"

ते बरोबर होते. या सॉफ्टवेअरमध्ये पार्ट जळत नाहीत. क्षमतेच्या दहापट करंट सोडा, ते शांतपणे आकडा दाखवतं. तो आकडा माझ्यासमोर होता. मी तो ट्रान्झिस्टरच्या माहितीपत्रकाशी ताडून पाहिला नव्हता. पण त्या क्षणी मला एवढंच दिसलं, की मोठा ट्रान्झिस्टर घ्यायचा तर मुलींनी जोडलेला बोर्ड उसकटावा लागेल, आणि माझं सर्किट चुकलं होतं हे त्यांना सांगावं लागेल. मी म्हटलं, "राहू द्या. हाच द्या." ते पुन्हा म्हणाले, "मॅडम, ऐका." मी ऐकलं नाही. त्यांनी तो बारका ट्रान्झिस्टर काढून माझ्या हातात ठेवला.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले, प्राचार्य त्यांना घेऊन आमच्या टेबलापाशी आले. उजेड ओळखणाऱ्या पार्टवर चिकटपट्टी लावली, तसा दिवा पाच-सात मिनिटं छान लुकलुकला. कोणीतरी म्हणालं, "जरा उचलून दाखव बाळ." कोमलनं बोर्ड तळहातावर घेतला आणि वरून अंगठ्यानं दाबून धरला. त्याच वेळी टक्कन आवाज झाला, धूर आला, आणि ती किंचाळली. बोर्ड खाली पडला. तिच्या उजव्या अंगठ्याचं कातडं सोलपटलं होतं. दहा दिवसांवर तिची परीक्षा होती.

तिला दवाखान्यात पाठवलं. तो जळका वास अजून तिथंच होता. प्राचार्य सगळ्यांसमोर म्हणाले, "हे कसं झालं? पार्ट कोणी निवडले?"

इथवर आले. आता सांगते.

मी म्हणाले, "सर, मी मोठा ट्रान्झिस्टर लिहून दिला होता. चाचांनी चुकून बारका काढून दिला."

कोणी शिकवलं नव्हतं, आधी ठरवलं नव्हतं. एका श्वासात आलं. चाचांचाच सल्ला मी माझा करून घेतला, आणि माझी चूक त्यांच्या पदरात टाकली. चाचा दाराशी पाण्याचा ट्रे घेऊन उभे होते. त्यांनी माझ्याकडं एकदा पाहिलं. रागानं नाही. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. मग प्राचार्यांना म्हणाले, "व्हय साहेब. माझ्याच हातनं चुकलं. चष्मा बदलायला झालाय."

चष्म्याचं त्यांनी स्वतःहून जोडलं. माझं खोटं नीट उभं राहावं म्हणून.

आठवड्याभरात त्यांची बदली लॅबमधून गेटवर झाली. येणाऱ्या-जाणाऱ्याची नावं वहीत लिहायची. निवृत्त होईपर्यंत, दोन वर्षं, ते त्या खुर्चीवर होते. कोमलनं अंगठ्याला पट्टी बांधून पेपर लिहिले. पास झाली, पण मनासारखे गुण पडले नाहीत.

आणि मी काय केलं, विचारा. मी गेटवर जायला लागले. कुठलं सर्किट अडलं की कागदावर छापून घ्यायचे आणि मधल्या सुट्टीत त्यांच्या खुर्चीपाशी उभी राहायचे. ज्या माणसाला मी तिथं बसवलं, त्याच्याचकडं शिकायला! पहिल्या दिवशी मी कागद घडी करून मुठीत धरला होता. ते म्हणाले, "आणा, बघू. हितं वारं ब्येस येतंय." आणि पेन मागून घेऊन खुणा करू लागले. दोन वर्षांत एकदाही त्यांनी तो विषय काढला नाही. मीही काढला नाही. रोज ठरवायचे, आज बोलू. रोज कागद पुढं करायचे.

पुढं मी नवशिक्यांसाठी त्या सॉफ्टवेअरची मराठीत एक पुस्तिका लिहिली. ग्राउंड का लागतो, आकडे कसे लिहायचे, आणि शेवटी ठळक अक्षरात – पडद्यावर चाललं म्हणजे टेबलावर चालेल असं नाही. आजूबाजूच्या कॉलेजांनी ती नेली. मी नोकरीत कायम झाले. पुस्तिकेवर नाव माझं एकटीचं होतं.

गेल्या हिवाळ्यात चाचा गेले. मी जुन्नरला त्यांच्या घरी गेले. चाचींनी मला जवळ बसवलं. म्हणाल्या, "तुमचं लई नाव काढायचे. म्हणायचे, म्हातारपणी मला मॅडमनी कॉम्प्युटर दाखवला, न्हाईतर कुठनं मिळाला असता बघायला." मी मान खाली घालून ऐकलं. ते माझे आभार मानत होते!

तिथं कोमल आली होती. आता ती एका कारखान्यात सर्किट तपासण्याचं काम करते. आम्ही दोघी स्टँडकडं चालत निघालो. वाटेत ती एकदम म्हणाली, "मॅडम, प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मी लॅबमध्ये कपाटामागं होते. वायर शोधत होते. चाचा तुम्हाला दोनदा म्हणाले, ते मी ऐकलं व्हतं."

मी वाटेतच थांबले.

"दवाखान्यातनं आल्यावर तुम्ही काय सांगितलं ते कळलं, तेव्हा मी सरांना सांगायला निघाले व्हते. चाचांनीच अडवलं. म्हणाले, गप ऱ्हा पोरी. माझी नोकरी संपत आली, त्यांची आता सुरू झालीय. त्यांच्याकडनं अजून लई पोरं शिकायचीत."

एवढं बोलून ती माझ्याकडं बघत राहिली. काहीतरी ऐकायला थांबली होती. तिच्या अंगठ्यावर अजून पांढरा वण आहे. आणि मी – मी म्हटलं, "चल, नारायणगावची एसटी लागली असेल."

तेव्हाही बोलले नाही. म्हणून आता लिहिते आहे. पुस्तिकेच्या नव्या आवृत्तीवर पहिलं नाव इस्माईलचाचांचं घातलं आहे, आणि हे पान कोमलला आणि चाचींना पाठवणार आहे. त्यानं फिटतं असं मी म्हणत नाही. मला जे येतं ते त्या माणसानं दिलं. मी शिकवलेल्या कितीतरी मुलामुलींना आज जे येतं, तेही त्यांच्याकडूनच आलेलं आहे.

तो ट्रान्झिस्टर मी निवडला होता. चाचांनी मला दोनदा अडवलं होतं. कोमलचा हात माझ्यामुळं भाजला, आणि मी सगळ्यांसमोर चाचांचं नाव घेतलं. त्यांचा चष्मा चांगला होता.