बोळिंजचा ऑरेंज अलर्ट

टीव्हीवरच्या नकाशात सगळा पालघर जिल्हा एकाच रंगाचा दिसतो. त्यामुळे जव्हारच्या डोंगरात वादळ होणार असलं तरी ऑरेंज अलर्ट आमच्या बोळिंजलाही लागतो. 'विजांच्या कडकडाटासह' एवढं कानावर पडलं की बाबा उठून घरातले सगळे प्लग काढतात. आधी फ्रिज, मग वायफाय, मग टीव्ही. पंख्याला प्लग नसतो, म्हणून तो बटणावर बंद करतात.

परवा दुपारी आम्ही असेच घाम पुसत बसलो होतो. बाहेर रखरखीत ऊन होतं. आई गच्चीवरचे पापड काढायला तयार नव्हती, कारण तिचा उन्हावर विश्वास आहे. अलर्ट उठला की नाही हे सांगणारा टीव्हीच बंद होता. शेवटी बाबांनी जव्हारला दिलेल्या माझ्या बहिणीला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"इथे धो धो पाऊस आहे, बाबा. विजा तर विचारूच नका," ती म्हणाली. "आम्ही सगळे टीव्ही बघत बसलोय."

मी पंख्याच्या बटणाकडे हात नेला.

"टीव्ही लावलाच आहे," बाबा तिला म्हणाले, "तर जरा बातम्या लाव आणि आमच्याकडचं काय सांगतायत ते बघून सांग."