पाद्रीसाहेबांनी फिरवलेला ब्लोअर

“देव हाक मारतो, आणि आपण काय म्हणतो? ‘जरा थांब!’” पाद्रीसाहेबांनी मूठ आपटली. त्याच क्षणी चर्चच्या दारातून आवाज आला, “मोटारवाला हितं हाय का?”

सगळ्या मंडळीनं माझ्याकडं पाहिलं. आप्पांच्या बेळगाव-निपाणी सर्व्हिस मोटारीचा ड्रायव्हर मीच.

दारात उचगावचा शेतकरी होता. सायकल मारत आलेला, घामानं निथळत. “बायकू कालपास्नं अडलीया. सुईणीनं हात टेकलं. बैलगाडीत घातली तर वाटंतच जाईल. मोटार काढा, भाऊ!”

“तिच्यासाठी प्रार्थना करू या,” पुढच्या बाकावरून कुणी तरी म्हणालं.

मी उठलो. “तुम्ही करा. मी गाडी काढतो.”

काढतो म्हणणं सोपं. लढाईचे दिवस, पेट्रोल मिळेना. आमची मोटार कोळशाच्या गॅसवर चाले. मागं बंबासारखी भट्टी, तिच्यात लाकडी कोळसा. त्याचा गॅस फिल्टरमधून गाळून एंजिनात जायचा. राख काढा, फिल्टर झाडा, कोळसा भरा, पेटवा, असं सगळं करेपर्यंत चांगला तास जाई.

शेड चर्चच्या मागंच. ओसरीवर आप्पा बसलेले. निपाणीचे जैन व्यापारी, मोटारीचे मालक.

“आज रविवार न्हवं रं? गाडीला शिवणार न्हाय म्हणतोस की!”

“आज शिवतो, आप्पा. बाई अडलीया.”

“जा. पण काजळीनं एंजिन चोकप होऊन उद्याची निपाणी ट्रिप बुडाली, तर कामावर येऊ नगंस!”

“बरं.”

आता गंमत ऐका. रविवारी काजळीत हात घालायचा नाही म्हणून मी शनिवारीच राख काढून, फिल्टर झाडून, सुका कोळसा भरून ठेवायचो. आप्पा दर शनिवारी चिडवायचे, “कोळसा काय पळून जातोय व्हय?” त्यामुळं काम उरलं फक्त काडी लावण्याचं.

आणि ब्लोअरचं. ब्लोअर म्हणजे भट्टीला वारा घालणारा, हँडलनं फिरवायचा पंखा. गॅस धरला का बघायला मी भट्टीच्या नळीशी उभा राहणार, तर तो फिरवणार कोण? क्लीनर सुट्टीवर. शेतकऱ्याच्या हातापायांत त्राण नव्हतं. इतक्यात कुंपणावरून एक पांढराशुभ्र झगा आत उतरला.

“साहेब, उपदेश?”

“संपवला. हँडल कुठाय?”

काय फिरवलं महाराजा! भट्टी घुमू लागली. नळीच्या तोंडाशी काडी धरली, तशी स्थिर निळी ज्योत उभी राहिली. म्हणजे गॅस तयार. एंजिन दोनदा खोकलं आणि गरजलं! पाद्रीसाहेब ओरडले, “हालेलुया!” झगा तोवर माझ्या खाकी कोटाहून काळा झाला होता.

उचगावहून परतताना बाई गादीवर, नवरा उशाशी, मी खड्डे चुकवतोय आणि साहेब मागं भट्टी ढोसतायत. दवाखान्याच्या दारात डॉक्टरीणबाई साहेबांना म्हणाल्या, “क्लीनर, स्ट्रेचर धर.” साहेबांनी लगेच धरलं.

दुपारी आतून ट्यँहा ऐकू आलं. शेतकरी धावत बाहेर आला. “पोरगी! दोघीबी खुशाल!” आणि त्यानं साहेबांना काजळीसकट मिठी मारली.

सोमवारी निपाणी ट्रिप वेळेवर सुटली. पुढच्या शनिवारी आप्पा स्वतः कोळशाची पाटी घेऊन शेडमध्ये आले.

“भर रं. उद्या रविवार. कुणाची हाक येईल, सांगता येत न्हाय.”

साहेबांनी तो अर्धा राहिलेला उपदेश कधीच पुरा केला नाही. तो मीच करतो. हाकेला ‘आलो’ कुणीही म्हणेल. पण राख आदल्या दिवशी काढलेली हवी.