खाऱ्या जमिनीवरची नीलगिरी

दोन हजार सालानंतरची काही वर्षं आम्ही सौदीत, अल-खोबरला होतो. तासाभरावरच्या एका कारखान्यात सांडपाणी शुद्ध करण्याचं काम माझ्याकडे होतं. कारखान्यामागे एक ओसाड पट्टा होता. सांडपाण्याच्या जुन्या तळ्यांतलं पाणी वर्षानुवर्षं मुरून तिथे जमिनीखाली हातभरावरच खारं पाणी आलेलं. वर मिठाची पांढरी खपली. बुटाखाली ती पापडासारखी मोडायची. गवताची काडीसुद्धा नाही.

ती जमीन सुधारायला साठीचा एक ऑस्ट्रेलियन तज्ज्ञ आला. त्याने नीलगिरीची रोपं मागवली. त्याच्या गावच्या नदीकाठी रानात वाढणारीच ती जात.

"नीलगिरी?" मी म्हणालो. "आमच्या नाशिककडे लोक हिच्या नावाने बोटं मोडतात. विहिरी आटवते म्हणून."

तो खूश होऊन हसला. "मला तेच हवंय! इथलं खालचं पाणी कुणीतरी प्यायलाच हवं."

उंच वरंबे घालून रोपं लावली. मूळ धरेपर्यंत त्यांना पाणी द्यायची जबाबदारी माझी. आणि भर उन्हाळ्यात, तो रजेवर असताना, माझा पंप जळाला. सुटा भाग यायला तीन आठवडे लागले. तेवढ्यात पट्ट्यावरची सगळी पानं चुरचुरीत वाळली. मॅनेजर येऊन बघून गेला. "खलास. रविवारी बुलडोझर लावा."

मला जेवण जाईना. शेवटी ऑस्ट्रेलियाला फोन लावला. तिकडून एवढंच उत्तर आलं, "बुंध्याशी माती उकरून बघ. हाताने."

बागेचं काम बघणारा माझ्याच वयाचा एक बांगलादेशी गृहस्थ होता. आम्ही दोघं गुडघे टेकून बसलो. वाळक्या काडीखाली, मातीच्या आत, बुंध्याला अळकुडीएवढी गाठ लागली. नखाने खरवडली, तर आत हिरवं. ओलं.

"साब," तो हळूच म्हणाला, "ये तो ज़िंदा है."

दुसरं उकरलं, तिसरं उकरलं. बहुतेकांची तीच गत. मी मॅनेजरकडून दहा दिवस मागून घेतले. तोवर पंपही सुरू झाला होता.

सातव्या सकाळी गेलो, तर काड्यांच्या तळाशी तांबडे कोंब. गव्हाच्या दाण्याएवढे, पण ओळीच्या ओळी. मी तिथेच उभा राहिलो. एवढ्या आगीत, मिठात, हे जमिनीखाली गुपचूप तग धरून होतं, आणि आम्ही त्यावर बुलडोझर घालणार होतो. 

चार वर्षांत झाडं तीन पुरुष उंच झाली. खालचं पाणी मोजायला जमिनीत पाइप पुरले होते. त्यात टेप सोडली, तर नेहमीच्या खोलीवर पाणी लागेचना. चुकलं असेल म्हणून पुन्हा सोडली. पाणी पार कमरेइतकं खाली गेलं होतं. ना वीज, ना आवाज, नुसत्या पानांनी ते ओढून आभाळात सोडलं होतं.

एका शुक्रवारी बायकोला आणि मुलीला घेऊन गेलो. पाचोळ्याखाली मिठाची खपली दिसतही नव्हती. मुलगी एकदम खाली बसली. "बाबा, लुक! मुंग्या!"

खरंच, मुंग्यांची रांग होती. दुपारची अजान होईपर्यंत आम्ही तिघं ती बघत बसलो.