मासळीबाजाराखालचा चेंबर

"सोमवारपासून ओटे बंद," साहेब म्हणाले आणि नोटीस माझ्याकडे सरकवली. सही माझी हवी होती. रिपोर्टही माझाच होता.

मी रत्नागिरीत ड्रेनेजचं काम बघतो. मासळीबाजाराखालचा चेंबर, म्हणजे गटारलाइनची झाकणवाली टाकी, वर्षभर सारखा तुंबत होता. मैलापाणी रस्त्यावरून थेट खाडीत. वरच्या आळीतल्या तांडेलकाकांची तक्रार होती की मासेवाल्या खवलं, आतडी आत सोडतात. वासही तसाच होता. मी झाकण न उघडताच 'कारण: मासळीचा कचरा' लिहून मोकळा झालो.

नोटीस शेवंतीमावशीच्या हातात दिली. नवरा गेल्यावर याच ओट्यावर मासे विकून तिने दोन मुली वाढवल्या.

"सायबांनू, आम्ही सगळी घाण टोपलीत भरतो. आत डोकावून तरी बघितलंत काय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी झाकण उघडलं, गॅस जाऊ दिला. आत माणूस उतरवायचा नाही. दोरीने बादली सोडली. वर आला लाल गाळ, घट्ट. खवलं औषधालाही नाहीत.

पाइपचं छत बांबूने खरवडलं तर पिठासारखं झडलं. गाळ बसला की मैला साचतो, त्यातून सडक्या अंड्याच्या वासाचा गॅस निघतो. ओल्या छतावर त्याचं आम्ल बनतं आणि ते काँक्रीट खातं. पाइप आणखी एक पावसाळा टिकला नसता.

एकेक झाकण उघडत वर चढलो, तो तांडेलकाकांच्या अंगणात पोचलो. दोन वर्षं घराचं काम चाललेलं. मशीनवर जांभ्याचे चिरे कापायचे आणि लाल पाणी चेंबरात ओतायचं. काका बोटीवरून रिटायर झालेले, सज्जन माणूस.

"अरे, पाणीच तर आहे ते!"

"काका, त्यात दगडाची पूड आहे. खाली जाऊन बसते."

काका वरमले. गाळ अंगणातच बसावा म्हणून दुपारपर्यंत त्यांनी खड्डा खणून घेतला. आम्ही जोरदार पाणी मारणाऱ्या जेटिंगच्या गाडीने लाइन धुतली, खराब पाइप बदलायला घेतला.

"मग नोटीस?" साहेबांनी विचारलं.

"रद्द करा, सर. चूक माझी, असं लिहून देतो."

मावशीला सांगितलं. ती हसली नाही.

"बरं झालं सायबांनू. पण काल रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही माझा. ती झोप कोण भरून देणार?"

हल्ली नव्या इंजिनिअरांना एवढंच सांगतो, कारणाचा रकाना झाकण उघडल्यावर भरा.