माझ्या प्रतीतला पुरुष

झेरॉक्सवाल्याने मला फसवलं. सगळ्या भिशीला एक गोष्ट दिली आणि मला दुसरीच... वर म्हणतो, आजी, नीट वाचा!

आधीच सांगते, भूतखेत, भानामती मी मानत नाही. शनिवार पेठेत माझं मॅचिंग सेंटर आहे. दारोदार हिंडून फॉल-पिकोची कामं घेतली, त्यातून उभं केलंय. ब्लाउजपीसचा रंग दिव्याखाली वेगळा दिसतो आणि उन्हात वेगळा, एवढाच चमत्कार मला ठाऊक.

राहायला कर्वेनगरला. आमच्या सोसायटीच्या भिशीत हल्ली खाण्याबरोबर वाचनही असतं. पहिल्या मजल्यावरच्या कुलकर्णीबाई, कॉलेजात शिकवायच्या, जुन्या अंकातली एखादी कथा निवडतात. तिच्या झेरॉक्स निघतात, मग चर्चा. या खेपेचा विषय – कथेतला लिंगभाव आणि मानसिक आरोग्य.

मी दुकानातच वाचायला घेतली. रिटायर झालेला माणूस दिवसभर गॅलरीत बसून असतो. दाढी करायचं सोडलंय. चहा गार होतो. कुणी विचारलं की 'काही नाही' म्हणतो, आणि दुसऱ्यांदा कुणी विचारतच नाही. मी तिथेच समासात पेन्सिलीने लिहिलं – 'अगदी आमचे हे!'

भिशीत बाईंनी सुरुवात केली, "नायिका गॅलरीत बसून राहते, यातून काय दिसतं?"

"नायिका कुठली? पुरुष आहे तो!"

"वहिनी, गिऱ्हाइकांच्या गडबडीत दुसरंच काही वाचलंत का?"

सगळ्या हसल्या. माझं डोकं फिरलं. "का हो, मन काय बायकांचंच बिघडतं? पुरुषाचं बिघडलं की पित्त झालं म्हणायचं?"

"मुद्दा उत्तम आहे," बाई शांतपणे म्हणाल्या. "फक्त या कथेत नाही."

मी पिशवीतून माझी प्रत काढून टेबलावर आपटली. आणि... पुरुष गायब! 'तिने वेणी घालायचं सोडलं होतं,' असं छापलेलं. शेजारी माझ्याच अक्षरात – 'अगदी आमचे हे!'

तशीच तणतणत झेरॉक्सच्या दुकानात गेले. तो म्हणाला, "आजी, मशीन आहे हे. बाईचा पुरुष करत नाही. नीट वाचा!"

"पुरुषाची बाई केलीये तुझ्या मशीनने! आणि आजी कुणाला म्हणतोस?"

घरी आले. हे गॅलरीत. समोर गार चहा.

"काय होतंय?"

"काही नाही."

आता, पहिला भाव मी जन्मात कधी कबूल केलेला नाही. खुर्ची ओढून बसले. "दुसऱ्यांदा विचारतेय."

त्यांनी गार चहाचा कप बाजूला सरकवला. म्हणाले, "सकाळी उठावंसंच वाटत नाही गं."

हे आता डॉक्टरांकडे जातात. गोळ्या चालू आहेत. मध्ये एकदा दाढी केली, मग पुन्हा नाही. बरे झाले असं अजून म्हणवत नाही.

कुलकर्णीबाईंकडचा मूळ अंकही पाहिला. त्यातही बाईच. शेवटी ती बरी होते, मैत्रिणीकडे चार दिवस राहायला जाते. छान झालं तिचं. पण माझ्या प्रतीतल्या माणसाचं शेवटचं पान वाचायच्या आत दुकानात गिऱ्हाईक आलं होतं, आणि परत उघडलं तोवर तो नव्हताच.

असं कसं झालं, मला आजही सांगता येत नाही. पण हा उद्योग ज्या कुणी केला, त्याने समोर यावं. मी भांडणार नाही. एवढंच सांगा – तो बरा झाला की नाही?